अंशतः खरे आहे

रूपल प्रिंटरमध्ये कागद भरत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी तिच्या गळ्यात हार टाकला. ओल्या झेंडूचा थंड भार मानेवर आला आणि ती दचकून वळली. मागे अक्का उभ्या होत्या. स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी तिला घातला होता.

"माझा काय सत्कार करू राहिले रे? प्रश्न हिनं लिहिला. मी तर नुसती खाली सही केली."

कार्यालयात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाईंना मतदारसंघात आमदारबाई असं कोणी म्हणत नसे. फैजपूरच्या केळीच्या बागांपासून जळगावातल्या या भाड्याच्या कार्यालयापर्यंत त्या सगळ्यांच्या अक्काच होत्या. रूपल त्यांची स्वीय सहायक. अधिवेशन जवळ आलं की सरकारचा पैसा कुठे कसा खर्च होतो याची माहिती गोळा करायची, ती विधानसभेच्या ठरलेल्या भाषेत बसवायची आणि अक्कांच्या सहीने प्रश्न मुंबईला किंवा नागपूरला पाठवायचे, हे तिचं काम. ते ती आवडीने करी. मोघम तक्रारीला ती अशी धार लावत असे की अधिकाऱ्यांना उत्तर टाळता येत नसे.

टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र पसरलेलं होतं. सोनझिरीच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात बाजारभावाच्या दुपटीने केळी खरेदी झाल्याचा प्रश्न अक्कांनी हिवाळी अधिवेशनात विचारला होता. त्याचं लेखी उत्तर आता, मार्चमध्ये, छापून आलं होतं. रूपलला ते पाठ झालं होतं. 'हे खरे आहे काय?' याच्यापुढे 'अंशतः खरे आहे.' कोणती कारवाई केली, याच्यापुढे 'संबंधित गृहपालांना निलंबित करण्यात आले असून पुरवठादारास समज देण्यात आली आहे.' विलंबाची कारणे काय, याच्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही.' गृहपाल ज्योती मॅडमचं निलंबन मात्र डिसेंबरातच झालं होतं. उत्तरात काहीतरी कारवाई दाखवावी लागते, म्हणून प्रश्न पोचल्यावर विभागाने आधी ती करून टाकली होती.

लोक पांगले. दाराजवळच्या खुर्चीवर एक माणूस मात्र बसून राहिला. खाकी शर्ट, हातात गाडीची किल्ली. अक्कांची नजर गेली तसा तो उठला.

"हिलाल ना रे तू? सोनझिरीचा जीपवाला?"

"हां, अक्का."

हिलाल मूळचा धरणगावकडचा. सासुरवाडीला येऊन राहिला होता आणि सोनझिरी ते फैजपूर अशी जीप चालवत होता. इतकी वर्षं होऊनही त्याची अहिराणी सुटली नव्हती. गावही त्याला बाहेरचाच समजत होतं.

"अक्का, मी काय म्हनस, ज्योती मॅडमले परत आना," तो म्हणाला. "मेघा म्हनीसन पोर शे, बारावीनी. तिले सिकलसेल शे. हाडं असा दुखतस तिना की पोर गडबडा लोळस. मॅडम व्हती तवय मले फोन करे, मी गाडी काढू, सरळ जळगाव. आते परीक्षाना टाइमले पोरले तरास व्हयना. मन्ही गाडी दारसमोर उभी. नवी मॅडम म्हने, नको, खासगी गाडीना पैसा मी कशामा दाखाडू? सरकारी गाडी येवालोंग पोर तशीच पडेल व्हती."

"आता कशी आहे ती?" अक्कांनी विचारलं.

"जगनी. पन परीक्षा गयी. घर यी जायेल शे. काठी धरीसन चालस."

रूपल हार काढत होती. त्याचा दोरा तिच्या कानातल्यात अडकला होता, तो निघेना.

"आनखी एक शे, अक्का." हिलालने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गाव म्हनस, केळीनं हिलालनीच सांगं. चौकशीवाला उनात, मन्हा जबाब लिधा. गाडीना पैसा कोन देत व्हतं? केळीवाला देत व्हता. मी खोटं कसं सांगू? पन ते नंतर, प्रश्न गया तवय. आग लावनारा मी नही. लोक मन्ही गाडीमा बसतस, दुसरी गाडी नही ना. पन मन्हासंगे कोनी बोलत नही. मॅडम मन्हा फोनबी उचलत नही. तुम्ही एकदाव सांगी द्या ना, कोनी सांगं ते."

अक्का मऊ आवाजात म्हणाल्या, "बापा, माहिती कोणी दिली ते आम्ही सांगत नसतो. आज तुझ्यासाठी सांगितलं तर उद्या माझ्याकडे विश्वासानं कोण येईल? हो ना गं, रूपल?"

"हो, अक्का," रूपल म्हणाली.

हिलालने दोघींना नमस्कार केला आणि तो जिना उतरून गेला. अक्का दुसऱ्या कामाला लागल्या. रूपलने हार खुर्चीच्या पाठीला अडकवला, पुन्हा काढला आणि शेवटी बाहेरच्या तुळशीच्या कुंडीवर ठेवून आली.

माहिती कोणी दिली हे अक्कांनाही ठाऊक नव्हतं. 'खात्रीलायक आहे' एवढंच रूपलने त्यांना सांगितलं होतं, आणि रूपलने सांगितलं म्हणजे अक्कांना पुरे असे.

माहिती ज्योतीनेच दिली होती.

गेल्या पावसाळ्यात ती कार्यालयात आली होती. अक्का दौऱ्यावर होत्या. छत्री दाराशी उघडीच ठेवून ती रूपलसमोर बसली आणि अर्ज पुढे सरकवला. वसतिगृहाला आजारी मुलींसाठी गाडी द्या, नाहीतर गाडी भाड्याने घेण्यापुरती तरतूद तरी करा. वसतिगृहात पाड्यांवरच्या मुली होत्या. त्यांतल्या काहींना सिकलसेल होता आणि सोनझिरीत दवाखाना नव्हता.

"हा प्रश्न आम्ही विचारलाय, मॅडम," रूपल म्हणाली होती. "मागच्या अधिवेशनात. उत्तर आलं, बाब तपासण्यात येत आहे."

ज्योती हसली. चहा आला. चहा पिता पिता रूपलने सहज विचारलं, "मग आता कसं भागवता?"

"कसं भागवणार? केळीच्या बिलात." ज्योतीने कप खाली ठेवला. "केळीवाला दर वाढवून लावतो आणि वरचे पैसे जीपवाल्याला देतो. फैजपूरच्या शेजारी बसून आम्ही मुंबईच्या भावानं केळी खातो, ताई! हसू येतं सही करताना. पण केळी खायला पैसे आहेत आणि पोरगी दवाखान्यात न्यायला नाहीत, तर काय करू?"

रूपलने पेन उचललं होतं.

"हे लिहून घेऊ नका हं," ज्योती म्हणाली.

"छे," असं म्हणून रूपलने पेन खाली ठेवलं होतं.

नंतर हिवाळी अधिवेशन आलं. वर्तमानपत्रांनी आमदारांची कामगिरी तोलायला सुरुवात केली आणि अक्का म्हणाल्या, "रूपल, या वेळी काहीतरी ठोस दे बाई. रस्ते-खड्डे नको. पैशाचं दे." रूपलने गाडीच्या तरतुदीचा प्रश्न पुन्हा लिहिला. वाचला. उत्तर तिला आधीच दिसत होतं. मग तिने दुसरा कागद घेतला. गाडी नाही म्हटलं तर कोणाला काही वाटत नाही, पण केळी दुप्पट दराने म्हटलं तर मंत्रालयातून फोन येतील, चौकशी होईल, चौकशीत गाडीचं आपोआप पुढे येईल, असं तिने स्वतःला समजावलं. 'उक्त वसतिगृहात आहारासाठीच्या केळ्यांची बाजारभावापेक्षा दुपटीहून अधिक दराने खरेदी करण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय?' तिने ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नव्हती.

हिलाल येऊन गेल्यावर दोन-चार दिवस तिने काढले. मग अक्का एकट्या असताना ती आत गेली.

"अक्का, सोनझिरीच्या मॅडमचं निलंबन मागे घ्या, म्हणून एखादं पत्र देता येईल का?"

अक्कांनी चष्मा काढला. "आपणच कारवाई मागितली, आता आपणच मागे घ्या म्हणायचं? लोक काय म्हणतील, केळीवाल्याकडून काही मिळालं का हिला?" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "काहून गं? ओळखीची आहे का ती?"

"ओळखीची नाही," रूपल म्हणाली. एवढं बोलून ती बाहेर आली, आणि बाहेर आल्यावर आपण आणखी एकदा खोटं बोललो हे तिच्या ध्यानात आलं.

जळगावातच मेहरूणला रूपलच्या घरच्यांचा फ्लॅट होता. वडील फुलचंदजींनी त्या बातमीचं कात्रण दुकानाच्या गल्ल्यावर काचेखाली लावलं होतं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते बोटाने दाखवत होते. संध्याकाळी रूपल घरी आली तेव्हा आई, सायरबाई, खिडकीशी आसन घालून सामायिकाला, जैनांच्या घटकाभराच्या ध्यानाला, बसली होती. तोंडासमोर मुहपत्तीचं पांढरं फडकं, समोर वाळूचं घड्याळ. सामायिक चालू असताना ती कोणाशी संसाराचं बोलत नसे. रूपल तिच्याजवळ फरशीवर बसली आणि हळूहळू सगळं सांगून टाकलं. ज्योतीचा चहा, खाली ठेवलेलं पेन, मेघाची काठी, हिलालची किल्ली. आईने डोळे मिटलेलेच ठेवले. मधे एकदा तिची माळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

वाळू संपली. सायरबाईंनी पाठ म्हणून सामायिक पुरं केलं, मुहपत्ती घडी करून ठेवली, आसन झटकलं.

"नोकरी गेली का त्या बाईची?"

"निलंबित आहे. चौकशी संपेपर्यंत अर्धा पगार."

"राहते कुठे आता?"

"धुळ्याला. निलंबनात रोज सही करायला तिथलंच मुख्यालय दिलंय तिला. सासरही तिथलंच आहे."

"मग धुळं काय लांब आहे?" सायरबाई म्हणाल्या, आणि ताट वाढायला आत गेल्या.

धुळ्याच्या बसमध्ये रूपलला पारोळ्यापर्यंत उभंच राहावं लागलं. देवपुरातलं घर सापडायला त्रास झाला नाही. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं आणि आतून ज्योतीचा आवाज येत होता.

"नाही, तसं नको लिहू. आधी कारणं लिही, मग परिणाम. हां. जुलैमध्ये बसायचंच आहे तुला, मी पैज लावलीय." रूपलला पाहून तिने फोनवर हात ठेवला. मग फोनमध्ये म्हणाली, "मेघा, पाहुणे आलेत बाळा. पाय शेकत जा." आणि फोन ठेवला.

"ताई, तुम्ही? इथं?" तिने खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा ना. हे ड्युटीवर गेलेत. मीही आत्ताच ऑफिसात सही करून आले. सही करायची आणि परत यायचं, एवढंच काम ठेवलंय मला."

ती बारीक झाली होती. रूपलने पिशवीतून आणलेली फळं काढून स्टुलावर ठेवली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये नीट जुळवलं होतं. पहिलं वाक्यही ठरवलं होतं.

"मॅडम, तो प्रश्न आमच्या ऑफिसातून गेला."

"माहीत आहे की. अक्कांचं नाव होतं त्यावर." ज्योती समोर बसली. "त्याचा राग नाही माझा. प्रश्न चुकीचा नव्हता. दर दुप्पट होता, बिलावर माझी सही होती. चौकशीत मी तेच सांगितलं."

"गाडीचं सांगितलंत?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, बाई, आम्हाला केळीच्या दराची चौकशी करायला सांगितलंय. गाडी हा या चौकशीचा विषय नाही." तिने मांडीवरचे कपडे घडी करायला घेतले. "मला लागलं ते हिलालभाऊचं. त्याला मी भाऊ मानला. माझ्या पोरी त्याच्या भरवशावर पाठवायची मी. त्यानं असं जाऊन सांगावं? पैसे कमी पडत होते तर मला बोलायचं. आता रोज फोन करतो. घेववत नाही माझ्याच्यानं. गावातल्या बायकांना मी सांगून ठेवलंय, पोरींना त्याच्या गाडीतून पाठवत जाऊ नका."

रूपलने हात मांडीवर घट्ट धरले.

"हिलालभाऊंनी नाही सांगितलं."

"तुम्हाला बोलता येणार नाही, समजतं मला. नावं सांगत नाही तुम्ही."

"नाही, तसं नाही." तिचं ठरवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "मला तुम्हीच सांगितलं होतं. पावसाळ्यात. चहा पिताना."

वर पंखा खडखडत होता. ज्योती तिच्याकडे पाहत राहिली. आठवायला तिला फार वेळ लागला नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी म्हटलं होतं, लिहून घेऊ नका."

"तेव्हा नाही घेतलं."

ज्योतीने मान हलवली, हिशेब कळल्यासारखी. "मग?"

"मला वाटलं, पैशाचं विचारलं तर चौकशी होईल. चौकशी झाली की गाडीचंही बाहेर येईल, आणि..."

"असं वाटलं होतं तुम्हाला?"

हो म्हणणं सोपं होतं. ते खोटंही नव्हतं. रूपलला ती संध्याकाळ आठवली, मोठ्याने वाचलेलं ते वाक्य आठवलं.

"अर्धं तसं वाटलं होतं," ती म्हणाली. "अर्धं... प्रश्न चांगला जमला होता."

ज्योती उठली. आत जाऊन तिने माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. ती तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा रूपलला वाटलं तो आपल्यासाठी आहे. पण ज्योतीने उभ्या उभ्या ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि तांब्या खिडकीत ठेवला. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता. तो वळणावर जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"तीन महिने मी त्या माणसाला काय काय बोलले," ती खिडकीतूनच म्हणाली. "मनात. लोकांजवळ. त्याच्या बायकोजवळसुद्धा."

"मॅडम, मी माफी मागायला..."

"ते राहू द्या."

तिने फोन उचलला, एक नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन रूपलसमोर स्टुलावर, फळांच्या शेजारी ठेवला. एकदाच रिंग वाजली.

"मॅडम!" पलीकडून इंजिनच्या घरघरीतून आवाज आला. "मॅडम, तुम्हीच शेतस ना? बोला ना, मॅडम."

ज्योतीने ओठ दाबून धरले होते आणि ती रूपलकडे पाहत होती.

"हिलालभाऊ," रूपल म्हणाली, "मी रूपल. अक्कांच्या ऑफिसातली. मॅडमच्या घरून बोलतेय."

"हां ताई, हां हां! काम झायं का? येतीन का मॅडम परत?" तो रस्त्यातल्या कोणाला तरी बाजूला व्हायला सांगत असावा, हॉर्न दोनदा वाजला. "थांबा ताई, हाई स्पीकरवर पडेल शे. गाडीमा बठ्ठा आपलाच गावना लोक शेतस. बंद करस..."

"नको," रूपल म्हणाली. "स्पीकर राहू द्या. फक्त गाडी बाजूला घ्या."